मल्लीच्या छातीचे ठोके

मैथिली, ये, अशी जवळ बस बघू. लिहितेय मी, पण तू शेजारी बसल्यासारखी वाच. आणि अर्ध्यात टाकून उठू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे. परवा फोनवर काय म्हणालीस गं? तबेल्यातल्या लहान मुलांना शिकवायला बोलावलं, तर तू नाही म्हटलंस. का, तर "अज्जी, मला घोडा सांभाळता येत नाही, तुला माहितीये ना!" असं बोलतात होय? माहितीये म्हणे! मला काय माहितीये, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या अप्पालाही नाही. देवापुढे हात जोडले तरी तेवढं मी — वगळतेच.

बारा वर्षांची होतीस तू. हेब्बाळच्या पुढे, द्राक्षमळ्यांकडे तो तबेला. जे. पी. नगरहून पहाटे निघायचं, गाडीत तू अर्धवट झोपेत, आणि तबेला आला की टुणकन जागी. तुझ्या त्या घोडीचे, मल्लीचे, खूर साफ करताना तिच्याशी कन्नडात गप्पा मारायचीस. का गं, विचारलं तर म्हणे तिला मराठी समजत नाही! किती हसले होते मी.

मग ती लांबची दौड आली. मला वाटलं होतं, पळायचं नि पहिलं यायचं. तसं नव्हतं ते. अर्धी वाट झाली की थांबायचं, घोड्याला शांत करायचं, मग डॉक्टरीणबाई छातीला नळी लावून ठोके मोजणार. ठरल्या वेळात ठोके उतरले तरच पुढे जायचं. नाही उतरले तर बाद. म्हणजे स्वारानं घोड्याला झेपेना इतकं पळवलं, असंच सगळे धरून चालायचे. मल्लीला शांत करायचं काम मी हट्टानं मागून घेतलं होतं. खोगिराचा पट्टा सैल करायचा, मानेवर गार पाणी घालायचं, सगळं शिकले. एक गोष्ट तर तूच बजावली होतीस — "अज्जी, राजा तिला दिसत राहू दे हं. तो दिसेनासा झाला की ती घाबरते." राजा म्हणजे तबेल्यात तिच्या शेजारी बांधलेला म्हातारा घोडा; दौडीलाही तो बरोबर आणला होता.

त्या दिवशी लालबुंद तोंडानं आलीस, लगाम माझ्या हातात दिलास आणि "स्वल्प पाणी पिऊन येते" म्हणून पळालीस. शेजारचे दोघे बोलत होते, पुढच्या वाटेत खाणीचा रस्ता ओलांडावा लागतो, खडीचे टिप्पर ट्रक नुसते सुसाट येतात. तिथून पुढे तुला जाऊच द्यायचं नाही, एवढंच मनात आलं. तबेल्यातल्या तुझ्या सरांना विचारता आलं असतं. तुला सरळ नको म्हणता आलं असतं. नसतं का आलं? पण तुझं तोंड एवढंसं झालं असतं, आणि अज्जी वाईट ठरली असती. ते मला नको होतं. मग —

मग मी मल्लीला, घोडे आणले होते त्या टेंपोमागे नेलं. राजा दिसणार नाही, अशी उभी केली.

मुद्दाम.

ती खिंकाळली. माझ्याभोवती गोल गोल फिरायला लागली. तिकडून राजानंही साद दिली. मी लगाम घट्ट धरून उभी! वेळ संपत आला तेव्हा तिला पुढे आणलं. डॉक्टरीणबाईंनी नळी लावली, पुन्हा लावली, आणि तुझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. बाद.

तू रडशील वाटलं होतं. नाही रडलीस. मल्लीच्या मानेला मिठी मारून "सॉरी मल्ली, सॉरी" म्हणत राहिलीस. मग माझ्याकडे वळलीस. "मी तिला फार पळवलं का गं, अज्जी?"

टेंपोमागचं एक वेळ राहू दे. पण या प्रश्नाला तरी खरं उत्तर द्यायला काय झालं होतं मला? मी म्हणाले, "असू दे गं. होतं असं कधी कधी."

त्यानंतर तू तबेल्याचं नाव काढलं नाहीस. अभ्यास वाढला, असं तुझी अम्मा सगळ्यांना सांगायची, आणि मी शेजारी बसून "सरी, सरी" म्हणत होकार भरायची. तू घरात सुखरूप होतीस. मला छान झोप लागायची — हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज वाटतेय. तू मनात काय धरून बसलीयेस ते मला परवा कळलं म्हणू? नाही. त्याच दिवशी कळलं होतं.

आता नीट वाच. तू मल्लीला फार पळवलं नव्हतंस. शेवटच्या चढाला तू खाली उतरलीस, लगाम धरून तिच्याबरोबर चालत आलीस. मी लांबून पाहिलं होतं. बाकीची मुलं बसूनच आली. माझ्या हातात आली तेव्हा ती चांगली होती, मैथिली. माझ्या हातात येईपर्यंत अगदी चांगली होती.

माफ कर, असं म्हणत नाही मी. त्या मुलांना शिकवायला जा, असंही नाही. तुझं तू ठरव. फक्त लवकर ये. भांडायचं असेल तर भांडायलाच ये.