शाउट आणि येल यांच्यामध्ये

आठवीच्या वर्गात मी त्या दिवशी मोठ्या आवाजाचे इंग्रजी शब्द शिकवत होतो. शाउट म्हणजे ओरडणं, पण त्यात राग असेलच असं नाही. नाल्यापलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणूनही आपण ओरडतो. स्क्रीम म्हणजे किंचाळणं, भीतीनं किंवा वेदनेनं, शब्दांवाचूनसुद्धा. येलपाशी मात्र मी अडखळलो. ओरडणंच, पण ताबा सुटलेलं, असं काहीतरी सांगितलं आणि एका मुलीला धडा वाचायला उभं केलं.

तिचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. "मोठ्याने," मी म्हणालो. पुन्हा म्हणालो. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं. "तोंडात काय कोंबलंय? घरी तरी बोलतेस का?" शेजारच्या वर्गातला गलबला एकदम थांबला. मुलगी मान खाली घालून बसली. येल म्हणजे काय, हे आता मुलांना वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही. आमच्याकडे मुलीची शाळा सुटायला फार मोठं कारण लागत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. आधी काही दिवस घरी, मग धानाची कापणी, मग "आता कायले पाठवाचं?" या वेळी ते कारण मी असेन, या विचारानं मला स्वस्थ बसवेना. बायकोला सांगितलं.

"ओरडले का खेकसले?" तिनं विचारलं.

"खेकसलो," मी म्हणालो.

"मंग इथं बसून काय करून राहिले? जा न तिच्या घरी."

रविवारी सकाळी मोटरसायकल काढली. केशोरीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला तिचं घर आहे. मागच्या दारापासूनच धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, सुरू होतात. आई अंगण सारवत होती. मला पाहून ती हात धुवायला उठली.

"सर, तुमी? एवढ्या दूर कायले आले जी?"

"पोरगी शाळेत काऊन येत नाही?" मी विचारलं, आणि तिनं उत्तर द्यायच्या आत सगळं सांगून टाकलं. वर्गात काय बोललो, किती मोठ्याने बोललो, सगळं.

ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. "तुमी ओरडले म्हणून? अजी, हिचा बाप बैलाले आवाज देते तं पल्याडच्या बांधीतले ढोरं थांबते. तिचा गळा बसला जी, पोपटं हाकलू हाकलू! धान पिकलं, का थवेच्या थवे येऊन राहिले. त्या दिवशीच आवाज गेला होता, तरी गेली शाळेत. मंग ताप आला. उद्या पाठवतोच."

म्हणजे मी मोठ्याने वाच म्हणत होतो, तेव्हा तिच्याकडे आवाजच नव्हता. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

मुलगी दारात येऊन उभी होती. "माझं चुकलं," मी तिला म्हणालो. "विचारायला हवं होतं, काय झालं म्हणून."

ती घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाली, "मले राग नाही आला, सर. मले वाटलं, तुमालेच कमी ऐकू येऊन राहिलं."

"बोलू नको म्हटलं न तुले!" आई तिच्यावर ओरडली. त्या ओरडण्यात माया होती, आणि मुलीलाही ते कळत होतं. ती गालात हसली.

आईनं चहा ठेवला. मी कपाला तोंड लावतो न लावतो तोच मागच्या बांधीवर हिरवा थवा उतरला. मुलीनं वाजवायला घाईनं टिनाचा डबा शोधला, तो सापडेना. आई चुलीपाशी. मुलगी नुसतेच हात हलवत बांधाकडे धावली. मी कप खाली ठेवला, तिच्या मागे गेलो आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो. पोपट उडाले. ते पार झाडांपलीकडे गेले तरी मी थांबलो नाही. किती दिवसांनी श्वास मोकळा होत होता.

"बस करा जी, सर," आई घरातून म्हणाली, "गाव धावत येईल, वाघ आला म्हणून."