विष्णूमामांचे ब्रश

विष्णूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहलीला येणाऱ्या मुलांची यादी करत होते. यादी पुरी केली, सहकारी बाईंच्या हाती दिली आणि बारामतीहून इंदापूरची गाडी धरली. त्या महिन्याच्या माझ्या कामांच्या यादीत ‘मामांकडे जाणे’ हे होतंच. मागच्या महिन्यातून पुढे ढकललेलं, त्याच्या मागच्यातूनही...

मामा पेंटर होते. बावड्यातल्या दुकानांच्या पाट्या, लोणी देवकरच्या कारखान्यांच्या फाटकांवरची नावं, देवळांच्या कमानी. फ्लेक्स आल्यावर काम आटलं, तरी देवळाच्या कमानीला लोक त्यांनाच बोलवायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमच्या वन्यजीव प्रदर्शनाचा फलक रंगवायला मी त्यांना हक्कानं बोलावलं. मुलं भोवती जमली होती. एकीनं विचारलं, “आजोबा, एवढी बारीक रेघ कशी येते?”

“मुंगसाचा केस हाय,” मामा कौतुकानं म्हणाले. “असा ब्रश आता मिळत न्हाय.”

मी तिथंच उभी होते. म्हटलं, “मामा, या केसांसाठी मुंगसं मारतात.”

“मी कुठं मारलं? माझे तर लई जुने हायत.”

“विकत घेणारा असतो म्हणून मारणारा असतो.”

“व्हय का? आन पोरांच्या पायातले बूट कशाचे हायत, मास्तरीणबाई?”

मुलं हसली. मी बुटांचं सोडून कायदा काढला. हे ब्रश बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, वनखात्याकडे जमा करावे लागतील, असं सगळ्यांसमोर सांगितलं आणि खडूचा रिकामा खोका पुढे केला. मामांनी एकेक ब्रश रॉकेलमध्ये धुतला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि खोक्यात ठेवला. सहा होते. “घे. तुझं चूक न्हाय,” एवढंच म्हणाले. फलक अर्धा राहिला. मी तो उतरवून रातोरात फ्लेक्स छापून आणला.

मुंगसांबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण चाळीस वर्षांची हत्यारं माणसाच्या हातून कशी मागून घ्यावीत, हे मला कळलं नाही. घरी बसून, चहा पिऊन बोलता आलं असतं. बुटांचा प्रश्न खरा आहे, असं म्हणता आलं असतं. मी नायलॉनच्या ब्रशांचा संच पार्सलनं पाठवला आणि काम झालं असं धरलं. पुढे कळलं की मामांनी कमानीची कामं नाकारायला सुरुवात केली. ते माझ्यावर रुसलेत असं मी ठरवून टाकलं. म्हणून जाणं आणखी लांबत गेलं.

दहाव्याला मामीला हे बोलून दाखवलं. “रुसलं व्हतं?” मामी म्हणाली. “येडी का काय तू. जमलं की तुला बोलावनार व्हते. चल हिकडं.”

मागच्या खोलीची एक भिंत ‘श्री’नं भरली होती. ओळीनं, वरून खाली. प्रत्येक ‘श्री’खाली पेन्सिलनं बारीक टीप. ‘नायलॉन. रंग धरत न्हाय.’ ‘घायपाताचे धागे. टोक फाटतं.’ ‘नारळ. राठ.’ ‘माझे केस. लई मऊ.’ खाली टेबलावर बांबूच्या काड्यांना दोऱ्यानं बांधलेले, त्यांनी स्वतः केलेले ब्रश होते. शेवटच्या ‘श्री’ची वेलांटी थोडी थरथरली होती, पण रेघ बारीक आली होती. त्याखाली लिहिलं होतं, ‘शेळीच्या कानाचे. कातरून घेतले. जरा बरं.’

“कुठली शेळी?” मी विचारलं.

मामीनं मागच्या दाराकडं बोट केलं. शेवग्याखाली शेळी रवंथ करत बसली होती. तिच्या एका कानावर केस नुकते परत उगवत होते. दुसऱ्या कानाला अजून कात्री लागली नव्हती.