चाचांनी राखलेलं मैदान

सिरसाळ्याच्या बाजारात मोसंबी विकणारे चाचा आमच्या गल्लीतले. तरुणपणी कुस्त्या खेळले, मग नऊ वर्षं आखातात एका स्टेडियमवर गवत राखायला होते. आशियातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना तिथं झाला, त्याचं मैदान आपण तयार केलं, असं ते सांगायचे. "चाचा, उंटं वळली असतील तुमी," असं कुणी म्हटलं की मोसंबी पुसत बसायचे. हसणाऱ्यांत मी पुढे. मास्तर असल्यामुळे मला सगळं कळत होतं ना!

त्यांची नात माझ्याच वर्गात. तिनं 'माझे आजोबा' या निबंधात तो सामना लिहिला, तर पोरं खिदळली. मीही हसलो. ती रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी चाचा शाळेच्या दारात उभे.

"गुरुजी, मला खोटं म्हणा, चालंल. पण पोरीला कावून?"

माझी मान खाली गेली. मी मोबाईलवर तो अख्खा सामना शोधून काढला आणि रविवारी दुपारी चाचांच्या मोसंबीच्या गाड्यापाशी लावला. बाजारातली निम्मी माणसं गंमत बघायला जमली. पूर्वार्ध संपला, चाचा कुठंच नाहीत. मध्यंतरात उखडलेलं गवत बसवायला आठ-दहा माणसं आली. सगळ्यांचे कपडे सारखे आणि चेहरे दाण्याएवढे. चाचांनाही स्वतःला ओळखता येईना.

तेवढ्यात त्यातला एकजण रेषेशी थांबला. त्यानं बूट काढून बाहेर ठेवले, वाकून गवताला हात लावला, तो कपाळाला लावला आणि अनवाणी आत गेला. आमच्याकडचा पैलवान आखाड्याच्या मातीत असाच उतरतो. लहानपणी जत्रेत चाचांना असं उतरताना मी स्वतः पाहिलं होतं. मी व्हिडिओ थांबवला. कुणी हसलं नाही.

"तिथले साहेब लई बोलले होते मला त्या दिवशी," चाचा म्हणाले. "पण बूट घालून कसं जावं? आन् ती कड बघा, पाणी जरा जादा झालतं."

इतक्या वर्षांनी माणूस स्वतःला सोडून गवत बघत होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची तितकीच लाज.

सोमवारी तो निबंध मी स्वतः वर्गात वाचला. वाचायच्या आधी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या.