नवमीच्या दिवशीचं पेडल

धारला बाबांचं गॅरेज होतं तेव्हा तिथे मुलीचा एकच उपयोग होता, तिचा पाय. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, चाकामागचा पेच सैल करणारा, आणि एक वर, पेडल दाबणारा. "दाब. धरून ठेव. सोड." आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत मी हेच ऐकलं. धाकटा भाऊ जरा मोठा झाला तसा तो गाडीखाली गेला, मी वरच राहिले.

गेल्या नवरात्रात देवासहून माझी जुनी व्हॅन घेऊन लेकीसह माहेरी गेले. अष्टमीला भावाने मागच्या चाकांच्या ड्रममधले झिजलेले ब्रेक शू बदलले. पेडलवर अर्थातच मी. पहिल्या दाबाला ते थेट तळाला टेकलं.

"हवा है," भाऊ खालून म्हणाला. आमच्या घरात गाड्यांचं बोलणं हिंदीतच चालतं.

तीनदा हवा काढली. ऑइलचा अख्खा डबा संपला. शेवटी शेवटी एकही बुडबुडा येईना, तरी पेडल खालीच जायचं. पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं आणि टणक लागायचं.

मी म्हटलं, "हवा नाहीये रे. हवा असती तर वर येऊनही लिबलिबीत लागलं असतं. तुझे शू ड्रमपासून लांब राहिलेत. ड्रम चढवताना शू आत घ्यायला दातेरी चक्र मागे फिरवलंस, ते परत पुढे फिरवलंच नाहीस."

"ताई, तू बस पैडल दाब ना."

बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "गाडीखाली तो आहे की तू? त्याला कळतं."

झालं. अंधार पडला आणि काम तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी उठून पाहते तर सगळे पाने, हातोड्या, स्क्रूड्रायव्हर धुऊनपुसून पाटावर मांडलेले, वर हळदकुंकू आणि झेंडू. मी एकच स्क्रूड्रायव्हर मागितला. ड्रममागच्या भोकातून चक्र फिरवायला मला दहा मिनिटं पुरली असती.

"पूजेतलं औजार आज उचलायचं नाही," बाबा म्हणाले. "उद्या उत्तरपूजा झाली की घे."

"मग अमझेऱ्याला बसने जाऊ." तिथल्या देवीची ओटी नवमीलाच भरायची होती.

"घरची गाडी दारात असताना? आणि बिघडलंय काय तिचं? त्याने केलंय काम."

मी ऐकलं. पंचेचाळिशीची बाई, शाळेत चाळीस पोरांना गप्प बसवते, आणि मी ऐकलं. मागच्या सीटवर लेकीला बसवलं, शेजारी बाबांना, आणि निघाले. त्या दिवसाचा माझा सगळ्यात जास्त राग माझ्यावरच आहे.

वाटेत प्रत्येक वेळी ब्रेक दोनदा दाबत होते. अमझेऱ्याच्या अलीकडे उतारावर वळण संपलं आणि समोर रस्त्यात म्हैस उभी. पहिला दाब तळाला गेला. लेक किंचाळली. दुसऱ्या दाबाला पेडल वर आलं, चाकं करकरली आणि गाडी म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. मी पेडल तसंच दाबून धरलं.

बाबांनी टोपी सारखी केली. "बघ, लागला ना ब्रेक? उगाच नावं ठेवत होतीस त्याच्या कामाला."

देवीची ओटी भरली, नारळ फोडला, आणि येताना गाडी पूर्ण रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये आणली.

दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याबरोबर कुंकू लागलेला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि गाडीखाली झोपले. डाव्या चाकाला चक्र नऊ दाते फिरलं, उजव्याला अकरा. पेडल पहिल्याच दाबाला वर थांबलं. निघताना भावाने दारातूनच हात घालून पेडल दाबून पाहिलं.

"ठीक हो गया न? बोला था मैंने, हवा थी. अपने आप निकल गई."

बाबांनी हातात आपट्याची पानं दिली आणि म्हणाले, "गाडीला काही झालं तर त्याच्याकडेच आण हो. बाहेरच्यांचा भरवसा नाही."

त्यानंतर मी धारला बसने जाते. दर वेळी बाबा विचारतात, गाडी का नाही आणलीस? ब्रेक खाली जातोय, मी सांगते. गाडी देवासला दारात धडधाकट उभी असते. पण ह्या एका गोष्टीवर मात्र ते माझ्यावर लगेच विश्वास ठेवतात.