घुंगरांचा मान पहिला

साम्राज्याच्या गोष्टी सांगायला बसलं की लोक आधी तलवारी काढतात. अमक्या खानानं इतकी शहरं घेतली, तमक्यानं इतक्या नद्या ओलांडल्या. अहो, पण त्या खानाचा हुकूम तिथवर पोचावा म्हणून ठाण्याठाण्यावर ताजा घोडा कोण देत होतं, हे कुणी विचारत नाही. गोबीच्या वाळवंटाच्या उत्तर काठावरच्या ठाण्यात तो घोडा ओर्बाय नावाची बाई देत होती. एकदोन नाही, बत्तीस वर्षं.

ठाणं खरं तर तिच्या नवऱ्याचं. तो दक्षिणेच्या लढाईवर गेला तो परत आलाच नाही. वरून एक अधिकारी येऊन गेला, बाई काय ठाणं चालवणार म्हणून नाक मुरडलं त्यानं. पण त्या उजाड जागी दुसरं कुणी यायला तयार होईना, तेव्हा ओर्बायच राहिली. डाकस्वार कमरेला घुंगरांचा पट्टा बांधून येत. लांबून घुंगरं ऐकू आली की ती घोड्यावर खोगीर चढवी. स्वार उतरला की त्याच्या पोटाला नि डोक्याला कापडाच्या पट्ट्या करकचून बांधी, नाहीतर दिवसभराच्या दौडीत माणूस आतून खिळखिळा होतो. आपल्या हातची पट्टी वाटेत कधी सुटली नाही, हे ती आल्यागेल्याला स्वतःच सांगे. आणि नियम तिला एकच पाठ होता: घुंगरांचा मान पहिला, शेजारी राजपुत्र उभा असला तरी त्यानं थांबायचं.

मग राजधानी पडली. खान उत्तरेला निघून गेला, ठाण्याला येणारं धान्य बंद झालं, शेजारची कुटुंबं कळप घेऊन पांगली. साठ घोड्यांचे अठरा उरले.

"आता कुणाची डाक नि कसलं ठाणं, ओर्बायआई? चला आमच्याबरोबर," जाणारे म्हणाले.

"घुंगरं वाजायची थांबली की येते," ती म्हणाली, आणि रोज सकाळी एक घोडा खोगीर घालून उभा करत राहिली.

त्या शरदात एका दुपारी तोगोल नावाचा सरदार अकरा गाड्या घेऊन आला. गाड्यांत चांदी, रेशीम आणि चक्क एक पलंग. गाड्यांचे बैल पार थकले होते. त्यानं गळ्यातली, खानाच्या हुकमाची सोन्याची पाटी तिच्या नाकासमोर धरली. असली पाटी दाखवणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे मरण.

"सगळे घोडे गाड्यांना जुंप, म्हातारे."

"पलंगाला किती लागतील, सरदार?" ओर्बायनं विचारलं. गाडीवाले तोंड फिरवून हसले.

तेवढ्यात दक्षिणेकडून घुंगरं ऐकू आली. स्वार आला तो घोड्याच्या मानेवर आडवा पडूनच. खांद्यात बाण रुतला होता. ओर्बायनं त्याला खाली घेतलं, तेव्हा तो कसाबसा बोलला. शत्रूचे घोडेस्वार परवा सकाळी नदीकाठच्या छावणीवर पोचणार होते. तिथे दोनशे तंबू, सगळी बायकापोरं नि म्हातारी माणसं. त्यांना कशाचा पत्ता नव्हता. एवढं सांगून त्याची शुद्ध गेली.

ओर्बायनं त्याच्या कमरेचा पट्टा सोडला आणि स्वतःच्या कमरेला बांधला.

"घोड्याला हात लावलास तर मान उडवीन," तोगोल म्हणाला. "पाटीवर काय कोरलंय ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. तुमच्या आज्याच्या वेळेपासून बघतेय. त्या पाटीला खानसुद्धा घुंगरांमागे उभं करायचा."

"कुठे आहे तुझा खान?"

ओर्बाय सकाळपासून खोगीर घालून उभ्या केलेल्या घोड्याकडे वळली.

सार्ताक नावाचा एक गाडीवाला पुढे आला. दांडगा गडी. "आई, त्या छावणीत माझी बायको आहे. मी जातो."

"वाळूतली वाट माहीत आहे तुला?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मला आहे. आणि मी तुझ्या निम्म्या वजनाची. ही पट्टी धर, माझ्या पोटाला बांध. अरे, आवळ ना, नवी नवरी आहे का मी?"

सरदारानं आपल्या माणसांकडे बघितलं. एकही जण जागचा हलला नाही. त्यांची घरंही त्याच नदीकाठी होती. सार्ताकनं रिकीब धरली आणि साठीची ओर्बाय घोड्यावर चढली. मागे तोगोलनं उरलेले सतरा घोडे जुंपून घेतले. सार्ताक मात्र जखमी स्वाराजवळ थांबला.

पुढे तीन ठाणी होती. तिन्ही ठाण्यांवर, त्या पडझडीतही, घुंगरं ऐकून कुणीतरी घोडा तयार ठेवला होता. दुसऱ्या ठाण्यावरच्या लंगड्या ठाणेवाल्यानं तिला ओळखलं आणि लगाम हातात दिला. ते पाहून ओर्बायला रडू आलं, आणि अभिमानही इतका वाटला की अंगाचं दुखणं काही वेळ जाणवेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छावणीत पोचली. बायका दूध काढत होत्या. घुंगरं ऐकून एक तरुण बाई भांडं घेऊन उठली. "हुकूम कुणाचा, आई? कुठल्या खानाचा?"

"माझा," ओर्बाय म्हणाली. "तंबू उतरवा."

तिसऱ्या दिवशी शत्रूचे घोडेस्वार नदीवर आले. गवतावर तंबूंच्या जागी दोनशे पिवळी वर्तुळं होती, आणि माणूस एकही नव्हता.