माझा गुडघा आणि तोताराम आबाचा पाय

या गुडघ्याबद्दल खरं काय ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या एकाही सोबत्याला नाही. ज्या मित्रासोबत तो दुखावला त्याला अर्धं माहीत आहे. रावेरच्या बायांना उरलेलं अर्धं माहीत आहे – आणि ते खोटं आहे. दोन्ही अर्धी जोडून बघणारा मी एकटाच होतो. आता तुम्ही.

माझा हात पत्रकांवर तयार झालेला. पहिल्या ओळीत सवाल, दुसऱ्या ओळीत आरोपी, शेवटी घोषणा. आडवळण मला जमत नाही, दुसऱ्यानं घेतलेलं खपतही नाही. मग इथं आल्यावरच माझी ओळ का अडते?

सुरुवात बर्फापासून करायला हवी. जळगावच्या माणसानं बर्फाची गोष्ट सांगायची म्हणजे – हसा, हसून घ्या. मी त्या भीतीपोटीच खोटं बोललो होतो.

त्या हिवाळ्यात रावेरजवळच्या एका केळी पॅकिंगच्या शेडवर मी बायांना एकत्र करत होतो. टाक्यांतल्या पाण्यात उभं राहून फण्या धुवायच्या, खोक्यांत भरायच्या, ट्रक उत्तरेला रवाना. एवढ्या मोठ्या शेडवर बायांसाठी संडास नाही. बाया मागच्या केळीच्या बागेत जायच्या, तर मालकानं तिथंही तारेचं कुंपण घातलं. गेटवर बसायचं ठरलं. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मी कमलअक्काला – ती त्या बायांची पुढारी – सांगितलं, की धुळ्याला बहीण आजारी आहे, जाऊन येतो.

बहीण ठणठणीत होती. मी मनालीला गेलो. कॉलेजचा मित्र मोठ्या कंपनीत लागलेला, त्यानं तिकीटच काढून पाठवलं. मला जावंसं वाटलं. यात गुन्हा काय? काहीच नाही. पण श्रीमंतांच्या चैनीवर माइकवरून तोंड सोडणारा मी, भाड्याचा जाडजूड सूट घालून, पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधून सोलंगच्या बर्फाळ उतारावर उभा – हे चित्र रावेरला कसं दाखवायचं? शिकवणारा ओरडत होता, "घुटना मोड़ो भाईसाब, घुटना." मी मोडला नाही. एक पट्टी बर्फात रुतली, अंग एकीकडं गेलं, पाय दुसरीकडं. आत काहीतरी कट्कन वाजलं. तिथला डॉक्टर म्हणाला, लिगामेंट ताणलंय, पट्टा बांधा, पाय जपा, गर्दीत जाऊ नका.

मी पट्टा जीन्सच्या आत बांधला आणि गर्दीतच गेलो.

आता तोताराम आबा. शेडचा वॉचमन. वाळकं अंग, डोक्याला मफलर, मालकाचा हुकूम आला की मान खाली घालून ऐकणारा. आबा पायाळू. म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय लागला की भरलेली उसण उतरते, लचक निघते, असं आमच्याकडं मानतात. एरवी कुणाला चुकून पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. आबाचा पाय मात्र लोक मागून घ्यायचे. जेवणाच्या सुट्टीत बाया पोत्यावर पालथ्या व्हायच्या आणि आबा डोळे मिटून एकेकीच्या कमरेवर अलगद अंगठा टेकवायचा. मी अंधश्रद्धेविरुद्ध पथनाट्यं करणारा. बायांना म्हणायचो, पाण्यात उभं राहून कंबर जाते, मालकाला जाब विचारा, आबाच्या पायाला नको. आबा नुसता हसायचा.

त्या दिवशी आम्ही गेट अडवून बसलो. आत ट्रक भरून उभा. मालकानं आतून ओरडून गेट उघडायला सांगितलं. त्या गेटचा खालचा खटका गंजलेला, तो कायम पायानं ठोकरूनच निघायचा. आमच्याच बाजूला उभ्या आबानं पाय उचलला. बाया उठल्या, रेटारेटी झाली. मी घोषणा द्यायला गर्रकन वळलो – आणि गुडघा निसटला. आपोआप. कुणाचा धक्का नाही, कुणाचा हात नाही. मी किंचाळत आबाच्या पायाशी कोसळलो, त्याचा पाय अजून हवेतच होता.

"आबानं लाथ मारली भाऊले," कमलअक्का ओरडली. तिनं जे पाहिलं ते तसंच दिसत होतं. तिचा दोष नाही. ती माझ्याजवळ बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "मारली ना रे भाऊ?"

तिनं विचारलं होतं, हे लक्षात ठेवा. मी हो म्हणालो.

का म्हणालो? नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता – मग गुडघ्याला झालं काय? जीन्स वर झाली असती, पट्टा दिसला असता, धुळ्याची बहीण, मनाली, सगळं. मी लाजेचा हिशेब केला आणि एका म्हाताऱ्याला पुढं केलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ती घाईत सुटलेली थाप ठरली असती. पण मी जळगावला, पिंप्राळ्याच्या घरी, पाय उशीवर ठेवून, शांत डोक्यानं पत्रक लिहिलं. मथळा दिला – 'उसण उतरवणारा पाय लाथ कुणाच्या हुकमानं मारतो?' मला तो मथळा आवडला होता. खरंच आवडला होता. बाजाराच्या दिवशी ते पत्रक रावेरभर वाटलं गेलं.

मालक घाबरला. आमचा माणूस चुकला, म्हणाला. आबाला काढलं आणि संडासाचं काम सुरू केलं. आम्ही जिंकलो. बाया माझ्या गुडघ्याच्या नावानं घोषणा देत होत्या.

त्यानंतर एका दुपारी आबा आमच्या दारात उभा. रावेरहून बस बदलत आलेला, हातात केळ्यांची एक फणी. आईनं पाणी दिलं, पण 'बस' म्हणाली नाही. आबा माझ्याकडं न बघता, माझ्या गुडघ्याकडं बघत बोलला.

"भाऊ, मले काही याद नई. मी तं खटका काढत होतो. गर्दीत लागला असीन पाय. इतके जण म्हंतात तं लागलाच असीन."

तो भांडायला आला नव्हता. त्याचा स्वतःवरचा विश्वास माझ्या पत्रकानं काढून घेतला होता आणि तो माझ्याच दारात खरं काय ते विचारायला आला होता.

"ज्या पायानं लागलं, त्याच पायानं उतरवतो. लावू का?"

मी मान हलवली. चटईवर पाय लांब केला. त्यानं चप्पल काढली, न्हाणीत जाऊन पाय धुतला, भिंतीला हात टेकवून उभा राहिला आणि अंगठा माझ्या गुडघ्यावर ठेवला. गार, ओला अंगठा. आबा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत राहिला. मग विचारलं, "वाटते काही फरक?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. सगळ्या प्रकरणात मी त्याच्याशी एवढाच एक शब्द खरा बोललो, आणि नेमका तोच बोलायला नको होता. त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं – त्याला उत्तर मिळालं होतं. आपल्या पायानं पाप केलं, म्हणून आता त्यात गुण राहिला नाही. त्यानं चप्पल घातली. जाताना उंबऱ्याबाहेरून वळून मला हात जोडले.

त्या पायात गुण नव्हताच, हे मला विज्ञानानं माहीत आहे. मग झोपेत कूस बदलताना गुडघ्यावर तो ओला अंगठा का टेकतो? पाय झटकला तरी का हलत नाही? पाय कधीचा बरा झालाय. मी जिने चढतो, मोर्च्यात चालतो. ऊन असो, थंडी असो, तेवढीच एक जागा गार लागते.

शेडवरचा संडास अजून चालू आहे. आबा गावात घराच्या ओट्यावर बसतो.

गेल्या महिन्यात कमलअक्काच्या पाठीत उसण भरली. शेवटी सवयीनं ती त्याच्याकडंच गेली. म्हणाली, झालं गेलं विसर आबा, लाव पाय. आबानं पाय ओढून घेतला, वरून धोतर पसरलं आणि म्हणाला, "नको अक्का. हा पाय माणसाले लावाच्या कामाचा नई."

अक्कानं मला हे त्याची नक्कल करत, हसत सांगितलं. सोबत मीही हसलो.