अम्मींची सुरमादाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

आधी चांगलं सांगतो, चांगलंच जास्त आहे. माझा दोस्त रफिक बीडला घड्याळं दुरुस्त करतो. त्याला जुन्या सुरमादाण्यांचा नाद, मला अडकित्त्यांचा. फोटो मात्र दोघांचेही भयाण यायचे. मग एका शुक्रवारी त्याच्या पडवीत आम्ही लाइट बॉक्स केला. सीताफळांच्या रिकाम्या खोक्याला तिन्ही बाजूंनी खिडक्या कापल्या, बटर पेपर चिकटवला, आत पांढरा कागद मागून वळवून खाली सोडला. ट्रायपॉडचा एक पाय आखूड, त्याखाली मोडक्या घड्याळाची तबकडी सारली. दोन्हीकडून दिवे लावले, मधे माझा अडकित्ता ठेवला — आणि काय सांगू, सावलीच नाही. दुधात ठेवल्यासारखा.

"मास्तर, ह्यो तर नवरदेव दिसायलाय बे," रफिक म्हणाला. हसून हसून खोकाच हलला.

तो नमाजला गेला. भाभींनी — त्याच्या बायकोनं — फडक्यात गुंडाळलेली एक सुरमादाणी आणून ठेवली. "अम्मींची हाय, जपून," म्हणाल्या आणि आत गेल्या. म्हणजे रफिकच्या वारलेल्या आईची. पितळ पार काळवंडलेलं. खोक्यात ठेवली तर नुसता काळा ठिपका. दारातल्या झाडाखाली चिंचा पडल्या होत्या. आमच्या घरात काळं पितळ दिसलं की हात चिंचेकडेच जातो. रफिकला चकित करू, असं वाटलं. घासली. लख्ख झाली. पुसली, आणि पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळून ठेवली.

रफिकनं येऊन फडकं सोडलं आणि सुरमादाणी उजेडात धरून फिरवून पाहिली. अम्मींच्या बोटांनी वर्षानुवर्षं चढलेला तो काळा रंगच त्याला फोटोत हवा होता. फडक्याला चिंचेचा वास.

"कावून घासली गं?" त्यानं आत भाभींना विचारलं.

"मी हातबी लावला न्हाई."

"मग काय मास्तरानं घासली?"

आणि मी? मी ट्रायपॉडचा स्क्रू आवळत होतो. तो आवळलेलाच होता.

भांडण विरलं, त्याचा विनोद झाला. चकचकीत सुरमादाणीचा तो फोटो संग्रहवाल्यांत लई गाजला. आजही आम्ही त्या पडवीत जमतो. कुणी नवी वस्तू काढली की रफिक म्हणतो, "हिच्यापासून लांब ठेवा, चिंच घेऊन येईल." सगळे हसतात. मीही — खोटं कशाला बोलू — पोट धरून हसतो. तशा दुपारी माझे तास फार सुखात जातात. भाभी आधी म्हणायच्या, मी न्हाई घासली. मग म्हणेनाशा झाल्या.

परवा चहा देताना त्या स्वतःच हसत म्हणाल्या, "घासली असंल बाबा मीच. आता ध्यानात बी न्हाई."

मी कप घेतला.

त्यांनी घासली नव्हती. मी घासली होती.